टेस्टिंग मेनू बुक करताना ‘व्हेज किती, नॉनव्हेज किती’ एवढ्यावर थांबू नका

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला विचारलं, “गोव्याला टेस्टिंग मेनूचं जेवण बुक केलंय, काय काळजी घ्यायची?” तिघांनीही पैसे आधी भरले होते आणि प्रश्न नंतर विचारला. पहिली चूक तिथंच झाली. अशा जेवणाची संध्याकाळ आठवडाभर आधी, फोनवर घडते किंवा बिघडते.

आम्हा बेळगावकरांना असं जेवण म्हटलं की बहुतेक वेळा चोर्ला घाट उतरून गोवा, नाहीतर बंगळूर गाठावं लागतं. कुणाची पन्नाशी, कुणाच्या लग्नाची पंचवीस वर्षं, असं काहीतरी निमित्त असतं. खर्च मोठा, प्रवास लांब आणि माणसं अगदी जिवाभावाची. म्हणून त्याच त्या चुकांनी या संध्याकाळी वाया गेलेल्या बघितल्या की मला खरंच वाईट वाटतं.

टेस्टिंग मेनू म्हणजे कार्डावर बोट ठेवून निवडायचं जेवण नव्हे. शेफनं ठरवलेल्या आठ ते बारा लहान लहान डिशेस ठरलेल्या क्रमानं एकामागून एक येतात. जेवण अडीच-तीन तास चालतं. बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांना तोच मेनू घ्यावा लागतो आणि सामान माणसं मोजून आणलेलं असतं. घरी ऐनवेळी दोन पाहुणे वाढले तर आमटीत पाणी घालून भागतं. तिथं आठ जणांसाठी आठच वाट्या काढून ठेवलेल्या असतात.

‘व्हेज किती’ हा प्रश्न पुरेसा नाही

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मित्राची पन्नाशी होती. आम्ही आठ जण. मी व्हॉट्सअॅपवर विचारलं, व्हेज किती, नॉनव्हेज किती? पाच नॉनव्हेज, तीन व्हेज असं उत्तर आलं. मी तेच रेस्टॉरंटला कळवलं आणि काम झालं असं समजलो. दुपारी निघालो. जांबोटी मागं टाकून कणकुंबीला चहाला थांबलो, गरम भजी आली. मी प्लेट वहिनींच्या पुढं सरकवली. त्यांनी ती हळूच माझ्याकडं परत सरकवली. “मला नको. आज संकष्टी आहे की.”

दुसऱ्या वहिनींचीही संकष्टी होती. दोघींची नावं पाच नॉनव्हेजमध्ये होती. “अहो, मग आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं. “सांगून काय करणार, तुमचं सगळं ठरलं होतं की.”

आम्ही साडेसातला टेबलावर बसलो. चंद्रोदय सव्वानऊच्या पुढं. रेस्टॉरंटवाल्यांना हे तिथं पोचल्यावर कळलं. शेफ स्वतः बाहेर आले, हात जोडले आणि म्हणाले, व्हेजचा माल तीन जणांपुरताच आहे, तरी जमेल ते करतो. पहिल्या चार डिशेस आम्ही सहा जणांनी खाल्ल्या. त्या दोघी पाण्याचा ग्लास पुढं घेऊन बसल्या होत्या. वेटर दर वेळी सहाच प्लेट ठेवायचा आणि दोन जागा मोकळ्या राहायच्या. ज्याची पन्नाशी, तो प्रत्येक घासाला बायकोकडं बघत होता. नऊ वाजून गेल्यावर दोघी पार्किंगमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. माडांच्या आड चंद्र दिसायला आणखी वेळ लागला. तोवर आत पाचवी डिश थांबवून ठेवलेली. परत आल्यावर त्यांना चार डिशेस मिळाल्या. पैसे अर्थात पुरे आठ जणांचे गेले.

त्या रात्रीच्या जेवणात खेकडा उत्तम होता, कोकमाचं सरबत उत्तम होतं. मला मात्र आठवतात त्या दोन मोकळ्या जागा. चूक रेस्टॉरंटची नव्हती, वहिनींची तर नव्हतीच. ती विचारणाऱ्याची होती.

तेव्हापासून कालनिर्णय उघडल्याशिवाय मी तारीख ठरवत नाही. संकष्टी, एकादशी, श्रावण, चातुर्मास, मार्गशीर्षातले गुरुवार सगळं बघतो. मग वार. आपल्यातले कितीतरी जण सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी मांसाहार करत नाहीत आणि हे कुणी आपणहून सांगत नाही. त्यानंतर प्रत्येकाला वेगळा फोन करतो. ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर माणूस भिडेपोटी ‘काहीही चालेल’ लिहून मोकळा होतो.

आपल्या भागात मित्रमंडळी मिश्र असतात. आमच्या आठात मराठे आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, सारस्वत आहेत. सारस्वतांपैकी कितीतरी जणांच्या ताटात मासळी असते, म्हणून ब्राह्मण म्हणजे व्हेज असं स्वतःशी गृहीत धरू नका. जैन मित्र असेल तर कांदा, लसूण, बटाटा, कंदमुळं याबद्दल विचाराच, पण त्याआधी विचारा की सूर्यास्तानंतर जेवता का? बेळगाव भागात दिगंबर जैन समाज मोठा आहे आणि त्यातले अनेक जण रात्री जेवत नाहीत. अशा मित्रासाठी रात्री आठचं टेबल बुक करून ‘सगळं जैन करायला सांगितलंय’ म्हणण्यात काही अर्थ नाही. दुपारचा मेनू असलेली जागा शोधा. आम्ही आता तेच करतो. दुपारी परतीचा घाटही उजेडात होतो.

‘व्हेज’ शब्दात काय काय लपतं तेही लक्षात ठेवा. अंडं चालतं का? पुडिंगमधलं, जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं जिलेटीन चालतं का? अस्सल पार्मेझान चीज बनवताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. थाई पद्धतीच्या डिशमध्ये बऱ्याचदा मासळीचा सॉस असतो. सूपचा स्टॉक, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, कशाचा आहे? हे प्रश्न फोनवर विचारायचे, टेबलावर नाही.

मी वहीत तीन रकाने करतो: ‘आवडत नाही’, ‘चालत नाही’, ‘त्रास होतो’. हे तीन वेगळे आहेत आणि रेस्टॉरंटला वेगळेच सांगायचे. वांगं आवडत नाही म्हणून ‘वांग्याची अॅलर्जी आहे’ असं सांगणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. अॅलर्जी म्हटलं की स्वयंपाकघरात त्या माणसासाठी सुरी, फळी, तवा सगळं वेगळं ठेवावं लागतं. तुमच्या खोट्या अॅलर्जीमुळं शेजारच्या टेबलावरच्या खऱ्या अॅलर्जीवाल्याकडं लक्ष कमी जातं. कोळंबीनं ज्याचा घसा सुजतो, त्याच्यासाठी हा जिवाचा प्रश्न असतो. आठवडाभर आधी हे सगळं फोनवर सांगा, मग लेखी पाठवा आणि टेबलावर बसल्यावर वेटरला पुन्हा एकदा आठवण करा.

सकाळपासून उपाशी राहणे, किंवा वाटेत भरपेट खाणे

दोन्ही चूक. उपाशी गेलात तर पहिल्या दोन डिशेस चव न कळता पोटात जातात, वर ब्रेड संपतो आणि पाचव्या डिशला पोट भरतं. जेवण रात्रीचं असेल तर मी दुपारी एकला वरण-भात खातो, नंतर फक्त चहा.

पहिल्या डिशला ‘एवढंच होय?’

ही माझी दुसरी दुखरी नस. एका घासाएवढी पहिली डिश येते आणि टेबलावर हसणं सुरू होतं. कुणीतरी म्हणतं, “नंतर धाब्यावर थांबूया की.” अहो, अजून नऊ यायच्यात! शेफनं क्रम लावलेला असतो: आधी आंबट-हलकं, मग तळलेलं, मग जड, मध्ये तोंड मोकळं करायला एखादं सरबत किंवा बर्फाचा चुरा, शेवटी गोड. केळीच्या पानावर मीठ, लिंबू, चटणी कुठं आणि गोड कधी हे ज्यांना नेमकं ठाऊक आहे, त्यांनी दुसऱ्याच्या पंगतीचा क्रम तेवढ्याच आदरानं पाळावा. सहाव्या डिशपर्यंत धाब्याचं नाव काढू नका. माझ्या अनुभवात दहाव्या डिशनंतर धाब्यावर कुणीच थांबलेलं नाही.

घाई करणाऱ्यांची दुसरी सवय म्हणजे उठून जाणं. सगळ्यांच्या प्लेट एकाच वेळी आल्या पाहिजेत म्हणून स्वयंपाकघर तुमच्या टेबलाकडं बघून पुढची डिश लावतं. एक जण फोन घेऊन बाहेर गेला की सात जणांचं जेवण अडतं. एकदा पापडीएवढ्या कुरकुरीत वाटीत खेकड्याचं मांस भरून आणलं होतं. वेटर म्हणाला, लगेच, एका घासात. एका मित्रानं आधी सात फोटो काढले, मग बायकोला व्हिडिओ कॉल. पाच मिनिटांनी उचलली तेव्हा वाटीचा तळ ओला होऊन निसटला आणि सगळं रस्स्यासकट शर्टावर. फोटो काढा, जरूर काढा, एक काढा.

चव न बघता कांदा-लिंबू किंवा मीठ मागू नका.

उग्र अत्तर लावून जाऊ नका. वासाशिवाय चव नीट लागत नाही, आणि तुमच्या अत्तरापुढं शेजाऱ्यालाही लागत नाही.

प्लेटा अदलाबदल करून ‘अर्धं-अर्धं’ खाऊ नका आणि उरलेलं पार्सल मागू नका.

बिल न विचारणे

छापील भाव माणशी ४,५०० असेल, तर आठ जणांचे ३६,००० होतात. साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी धरून ३७,८००. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज आधी जोडला तर हेच ३६,००० थेट ४६,७२८ होतात. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ साली तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. मी तो काढायला लावतो आणि टीप वाढणाऱ्यांच्या हातात देतो. हे बुकिंगच्या फोनवरच स्पष्ट करून घ्या. ज्याचा वाढदिवस आहे त्याच्यासमोर कॅल्क्युलेटर काढणं बरं दिसत नाही.

वाइन पेअरिंग आणि घाट

पेअरिंग म्हणजे डिशगणिक तिला जुळणारी वेगळी वाइन. ‘ग्लासात थोडीच असते’ हे खरं, पण ७५ मिलिलिटरचे सहा ग्लास म्हणजे ४५० मिलिलिटर, अर्ध्या बाटलीहून जास्त. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. त्या रात्री चोर्ला चढायचा नाही. मुक्काम करा, नाहीतर ड्रायव्हर घ्या. पावसाळ्यात तर धुक्यामुळं पुढचं वळण दिसत नाही, तेव्हा न पिताही मी रात्री निघत नाही. जातानाही तासभर हाताशी ठेवा, कारण उशिरा पोचलात तर डिशेस घाईघाईनं येतात किंवा कमी होतात.

केक

न विचारता केकचा मोठा खोका घेऊन जाणं मला पटत नाही. दहा डिशेसनंतर क्रीमचा केक कुणाला जातो? गेल्या वर्षी त्याच पन्नाशीवाल्या मित्राच्या घरी लेकीच्या नोकरीचा आनंद होता. त्या वेळी दुपारचं टेबल, कालनिर्णय बघून. बुकिंगलाच विचारून घेतलं आणि बेळगावचा कुंदा डब्यात घालून पोचल्याबरोबर स्वयंपाकघरात दिला. शेवटी कॉफीबरोबर त्यांच्या चॉकलेटच्या शेजारी, काळ्या दगडी पाटीवर, लिंबाएवढे आठ कुंद्याचे गोळे आले. शेफ बाहेर येऊन विचारत होते की दूध एवढं तपकिरी होईपर्यंत किती वेळ आटवता. वहिनींनी खुर्ची त्यांच्याकडं वळवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.