कॉक ओ व्हँ सोबत काय वाढायचं? या चुका टाळा

फ्रान्समधल्या दिजाँला राहायला आले त्या पहिल्याच थंडीत मी कॉक ओ व्हँ, म्हणजे रेड वाईनमध्ये शिजवलेली कोंबडी, केलं आणि शेजारच्या मादामना जेवायला बोलावलं. कोंबडी झकास झाली होती, दोन दिवसांचा खटाटोप होता तो, पण प्लेट मी वाढली आपल्या ताटासारखी. डाव्या बाजूला लिंबू पिळलेली काकडी-कांद्याची कोशिंबीर, उजव्या बाजूला फरसबीची भाजी, शेजारी लसूण लावून ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे, मुदीसारखा थोडा जिरा राइस आणि या सगळ्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेली कोंबडी. मादाम काही बोलल्या नाहीत, सभ्य बाई. कोशिंबीर काट्याने हळूच कडेला सारली, सॉसमध्ये बुडवून बटाट्याचा एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, ब्रेड आहे का? घरात ब्रेड सोडून सगळं होतं.

त्यानंतर बरीच वर्षं हा पदार्थ करतेय आणि इथे नव्याने आलेल्या आपल्या बऱ्याच लोकांना शिकवलाय पण, आणि सगळ्यांच्या चुका फिरून फिरून तिथेच येतात. आपण ताट वाढायला बघतो. आपल्याकडे आंबट, तिखट, गोड, कुरकुरीत सगळं एकाच वेळी समोर लागतं आणि एका घासात दोन-तीन चवी आल्या की जेवण जमलं. फ्रेंच जेवणात हेच सगळं असतं, पण एकामागून एक येतं. मेन कोर्सच्या प्लेटमध्ये एकच राजा, आणि कॉक ओ व्हँमध्ये तो राजा कोंबडी पण नाहीये, सॉस आहे.

आधी सॉस चाखून बघा, मग साइड डिश ठरवा

भांड्यात काय काय गेलंय ते आठवा जरा. बर्गंडीची, म्हणजे दिजाँच्याच प्रांताची, रेड वाईन जवळजवळ अख्खी बाटली म्हणजे 750 मिली, लार्दों म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, बटण मशरूम, छोटे अख्खे कांदे, गाजर, लसूण, थाइम, तमालपत्र. मुळात हा पदार्थ म्हाताऱ्या कोंबड्याचा, ज्याचं मांस इतकं चिवट की वाईनमध्ये तास न् तास शिजवल्याशिवाय चावलं जायचं नाही. आता बहुतेक जण साधी कोंबडीच वापरतात पण सॉसचा स्वभाव तोच राहतो, आंबटसर, खारट, किंचित तुरट आणि ओठाला चिकटेल इतका दाट. याच्या शेजारी जे येईल ते मऊ, सौम्य आणि सॉस पिऊन घेणारं पाहिजे. तांबड्या रश्श्यासोबत भाकरी खाताना भाकरीत कुणी वेगळा मसाला घालतं का, तसंच आहे हे.

म्हणून कोशिंबीर, टोमॅटो सॅलड, लिंबाची फोड हे सगळं या प्लेटमधून बाद, कारण आंबटावर आंबट चढलं की वाईन नुसती कडवट लागायला लागते. सॅलड हवंच असेल तर कोंबडी संपल्यावर आणा, वेगळ्या प्लेटमध्ये, नुसती हिरवी पानं आणि वर व्हिनेग्रेत. एक भाग व्हिनेगर, तीन भाग तेल, चमचाभर दिजाँ मोहरीची पेस्ट, झालं. मोठ्या जेवणात त्याच्यानंतर चीज येतं. मला आधी ही उलटी पद्धत वाटायची, पण इतकं जड खाल्ल्यावर ती पानं पोटाला काय बरं वाटतात ते खाऊनच कळतं.

रातातुईचं पण तेच. फ्रेंच आहे म्हणून फ्रेंचच्या शेजारी ठेवायची असा हिशोब लोक करतात पण ती दक्षिणेची, नीसकडची, उन्हाळ्यातली भाजी, टोमॅटो-वांगी-झुकिनीची, आणि कॉक ओ व्हँ हे थंडीतलं जेवण. दोन्ही सॉसवाले, दोन्ही आंबट, प्लेटमध्ये एकमेकांत मिसळून नुसता काला होतो.

बटाट्याच्या चुका (या सगळ्यात जास्त)

ज्या बटाट्याशिवाय आज इथलं पान हलत नाही त्याच्या लागवडीवर पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे तिथल्या मोठ्या न्यायालयाने, 1748 मध्ये बंदी घातली होती, कुष्ठरोग होतो म्हणे. मग पार्मांतिए नावाचा माणूस त्याच्या मागे हात धुऊन लागला आणि 1772 मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठाने बटाटा खायला हरकत नाही असं जाहीर केलं. असो.

भाजलेले कुरकुरीत बटाटे आणि फ्राइज नकोत, दोन मिनिटांत सॉस लागून लिबलिबीत होतात, मग कुरकुरीत करायचा खटाटोप कशाला. इथली जुनी माणसं वाफवलेले किंवा उकडलेले बटाटे घेतात, वर बटर आणि बारीक चिरलेली पार्सली, बस. त्याला घट्ट गराचा बटाटा लागतो, इथे शार्लोत किंवा रात नावाने मिळतो. भारतात करत असाल तर छोटे नवे बटाटे घ्या, ते आकार सोडत नाहीत. आणि एक, या साइडमध्ये मीठ हात राखून. लार्दों खारट असतात, सॉस आटला की अजून खारट होतो, त्यात बटाटे पण खारट असले तर पाहुणे रात्रभर पाणी पितात. उलट सॉस खारट झालाय असं आयत्या वेळी लक्षात आलं तर अगदी बिनमिठाचे उकडलेले बटाटे किंवा बिनमिठाच्या नूडल्स वाढा, बरंच सावरतं.

दुसरा पर्याय प्युरे, म्हणजे बटाटा घोटून त्यात बटर आणि दूध. इथे बहुतेकांचं बिनसतं.

घोटलेला बटाटा डिंकासारखा ताणला जायला लागला तर समजायचं मिक्सर फिरवलाय. पातं फिरलं की बटाट्याच्या पेशी फुटून आतला स्टार्च सगळा बाहेर येतो आणि तो काही परत आत जात नाही. याला उपाय नाही, त्यात अंडं आणि चीज घालून बेक करा आणि दुसरा काहीतरी पदार्थ केलाय असं सांगा. मुळात चूक टाळायची तर पुरणयंत्र वापरा. खरंच सांगते, मी पुण्याहून येताना आईने बॅगेत कोंबलेलं पुरणयंत्र इथे होळीपेक्षा प्युरेलाच जास्त वापरलं. फ्रेंचांकडे पण हेच यंत्र आहे, 1932 मध्ये जाँ मांतले या माणसाने हाताने फिरवायची भाज्यांची चक्की बाजारात आणली, आणि गोष्ट अशी सांगतात की बायकोच्या प्युरेत गुठळ्या राहायच्या म्हणून. पुढे त्याचीच मूलिनेक्स कंपनी झाली.

पातळ झालं असेल तर जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर हलवत राहा, पाणी उडून जातं. याचं कारण बहुतेक वेळा कुकर. सोलून, चिरून बटाटे कुकरला लावले की ते पाणी पितात, त्यापेक्षा सालासकट गार पाण्यात मीठ घालून उकळायला ठेवा आणि गरम असतानाच सोला, बोटं भाजतात पण इलाज नाही. सोलल्यावर कोरड्या भांड्यात मिनिटभर परतून वाफ जाऊ द्या. दूध गरमच घालायचं. आणि बटर? शेफ जोएल रोबुशोंच्या प्रसिद्ध प्युरेत किलोभर बटाट्याला 250 ग्रॅम बटर असतं, पण ते प्युरे स्वतःच राजा आहे, त्याला दुसऱ्या राजाशेजारी बसवू नका. कॉक ओ व्हँसोबत किलोला 100 ग्रॅम पुरे, आणि थोडं घट्टच ठेवा म्हणजे मध्ये खळगा करून सॉस ओतता येतो. पिठल्याला करतो ना भातात, तसा.

ग्रातँ दोफिनुआ म्हणजे क्रीममध्ये बेक केलेल्या बटाट्याच्या चकत्या, हे बऱ्याच जणांना सोबत आवडतं. मला नाही आवडत. क्रीम आणि वाईनचा सॉस प्लेटमध्ये एकत्र आले की रंग मळकट जांभळा होतो आणि चौथ्या घासाला माणूस थकतो. पण त्याचा एक फार चांगला उपयोग आहे, तो पुढे सांगते.

हिरवी भाजी

एकच घ्या. फरसबी उत्तम, आणि फरसबी हा शब्दच मुळात फ्रेंच बीन्सवरून आलाय त्यामुळे तिला परकं वाटायचं कारण नाही. चूक काय होते, तर झाकण ठेवून वाफेवर शिजवतो आपण भाजीसारखी, मग ती शेवाळी रंगाची होते. शिजताना भाजीतून आम्लं निघतात, झाकण असलं की ती आतच राहतात आणि हिरवा रंग मारतात. लिटरला 10 ग्रॅम मीठ अशा भरपूर उकळत्या पाण्यात उघड्यावर 5 ते 8 मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि वाढायच्या आधी बटरवर परतून घ्यायची. लिंबू नाही, मोहरीची फोडणी नाही, खोबरं तर नाहीच नाही. इथली फरसबी बारीक असते, आपली जाड असेल तर शिरा काढा आणि थोडी जास्त शिजवा.

मटार चालतात. गाजर पण चालतं, विशेषतः सॉस जास्त आंबट झाला असेल तेव्हा, गाजराच्या चकत्या थोडं पाणी, बटर आणि चिमूटभर साखर घालून पाणी आटेपर्यंत शिजवायच्या, तो गोडवा आंबटपणा झेलतो. मशरूमची साइड मात्र नको, बेकनमध्ये परतलेलं काही नको, ग्लेझ केलेले कांदे नको, ते सगळं भांड्यात आधीच आहे.

भात आणि ब्रेड

भाताबद्दल भांडणं होतात म्हणून सांगते, भात हे पाप नाहीये. फ्रेंच लोक ब्लांकेत म्हणजे वासराच्या पांढऱ्या स्ट्यूसोबत भातच घेतात. पण कॉक ओ व्हँचा सॉस रश्श्यासारखा वाटी वाटी नसतो, माणशी दोन-तीन डाव जेमतेम, तो बासमतीत जिरून गायब होतो आणि खाली नुसता गुलाबी भात उरतो. करायचाच तर साधा पांढरा करा आणि थोडाच वाढा. त्यापेक्षा अंड्याच्या रुंद ताल्यातेल नूडल्स चांगल्या, सॉस त्यांना धरून राहतो. आल्सास प्रांतात रेडच्या ऐवजी रिझलिंग ही पांढरी वाईन आणि क्रीम घालून कोंबडी करतात, त्याच्यासोबत श्पेत्झले म्हणजे पिठाच्या बुटक्या शेवया, तिथे बटाट्याचा विचार पण करू नका.

ब्रेड काहीही असलं तरी टेबलावर हवाच, बटाटे असले तरी. याला दोन स्टार्च म्हणत नाहीत, ब्रेड हा चमचा आहे. गार्लिक ब्रेड आणायची मात्र हौस नको, लसणापुढे वाईनचं काही चालत नाही. मऊ लादी पाव सॉसमध्ये विरघळतो. मुंबईत करत असाल तर ब्रून पाव घ्या, गोव्यात उंडो, कडक सालीमुळे दोन्ही छान टिकतात. आणि शिळा ब्रेड टाकू नका, त्याचे तुकडे बटरमध्ये तळून एक टोक सॉसमध्ये आणि मग चिरलेल्या पार्सलीत बुडवून प्लेटच्या कडेला लावतात, जुन्या पद्धतीत तर ते पत्त्यातल्या बदामाच्या आकारात कापलेले असतात. फक्त आयत्या वेळी लावा. मी एकदा अर्धा तास आधी भांड्यात घातले आणि त्याचा शिरा झाला.

शाकाहारी पाहुणे

आपल्या पंगतीत कुणाचा तरी गुरुवार, कुणाची संकष्टी असतेच, आणि त्या माणसाला उरलेल्या साइड डिश वाढायच्या म्हणजे बिचाऱ्याला फरसबी आणि ब्रेड. इथेच तो ग्रातँ दोफिनुआ कामाला येतो, त्यांच्यासाठी वेगळा छोटा ट्रे, तोच त्यांचा मेन कोर्स. मूळ पद्धतीत त्यात चीज नसतंच, नुसतं क्रीम, दूध, लसूण, जायफळ. वरून ग्रुयेर किंवा काँते किसायचा मोह आवरा, त्यात वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे चीज करताना दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं. प्युरे चिकन स्टॉकमध्ये सैल करायची युक्ती काही जण सांगतात, ती पण अशा दिवशी नको. आणि चिकन खाणारे पण दारू न पिणारे कुणी असतील तर आधी सांगून टाका, वाईन पूर्ण उडून जाते हे खरं नाहीये, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे अडीच तास शिजवूनही 5 टक्के अल्कोहोल उरतं आणि तासाभरात उतरवलं तर 25 टक्के.

सगळं एकदम गरम कसं येणार?

येतं, जर कोंबडी आदल्या दिवशी केली असेल तर. ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते हे वेगळं सांगायला नको, मटणाचं पण तसंच असतं. वाढायच्या दिवशी मंद आचेवर 30-40 मिनिटं गरम करत ठेवायची आणि तेवढ्यात बटाटे उकडतात, फरसबी आधीच बर्फाच्या पाण्यातून काढून तयार असते. प्लेटा ओव्हनमध्ये कोमट करून ठेवा, थंड प्लेटवर बटरचा सॉस लगेच थिजतो. गरम करताना सॉस पातळ दिसला तर चमचाभर बटर आणि चमचाभर मैदा मळून त्याच्या गोळ्या सोडा आणि पाचेक मिनिटं उकळू द्या, घरातला ब्रेड संपवून पातळ सॉसवर उपाय होत नाही.

आणि कोंबडी संपून सॉस उरला तर फेकू नका. बर्गंडीत अंडी रेड वाईनच्या सॉसमध्ये खातात, अ आं मरेत म्हणतात त्याला. उरलेला सॉस गरम करायचा, पाण्यात फोडून शिजवलेली दोन अंडी त्यात सोडायची, खाली बटरवर भाजलेला ब्रेड. मादामनी मला हे शिकवलं ते त्याच पहिल्या जेवणानंतर चार दिवसांनी, स्वतः ब्रेड घेऊन आल्या होत्या.