भाजीपाल्यातील सूत्रकृमी: खरे काम दोन पिकांच्या मधल्या काळात

टोमॅटो, वांगी, भेंडी किंवा काकडीच्या प्लॉटमध्ये ठिकठिकाणी झाडे खुजी आणि पिवळी राहत असतील, जमिनीत ओल असूनही दुपारी माना टाकत असतील आणि खत वाढवूनही उठत नसतील, तर फवारणीआधी मुळे पाहावीत; हे सूत्रकृमीचे, म्हणजे मुळांत शिरून गाठी करणाऱ्या सूक्ष्म जंतांचे, काम असू शकते. झाड हिसका देऊन उपटू नये, कारण गाठी आलेली मुळे तुटून जमिनीतच राहतात. कुदळीने भोवतालची माती सैल करून झाड उचलावे आणि मुळे बादलीतील पाण्यात हलकेच धुवावीत. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचाच फुगलेला भाग असल्याने ती नखाने सुटत नाही. चवळी-घेवड्याच्या मुळांवरील नत्राच्या गाठी मात्र बाजूला चिकटलेल्या असतात, सहज निघतात आणि आतून गुलाबी दिसतात. शंका राहिल्यास ओल्या मातीचा आणि बारीक मुळांचा नमुना पिशवीत बंद करून, उन्हात न वाळवता, कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत द्यावा.

उबदार जमिनीत या किडीची एक पिढी साधारण २५ ते ३० दिवसांत पूर्ण होते आणि एक मादी काही शे अंडी घालते. म्हणजे चार महिन्यांच्या टोमॅटोत तिच्या तीन-चार पिढ्या सहज होतात. हलक्या, वालुकामय जमिनीत आणि तेच पीक पुन्हा पुन्हा घेतल्या जाणाऱ्या शेडनेट-पॉलिहाऊसमध्ये ती झपाट्याने वाढते. उभ्या पिकात तिला फार तर आवर घालता येतो.

म्हणून शेवटचा तोडा झाला की झाडे महिनाभर तशीच वाळत ठेवू नयेत. ती मुळांसकट खणून जाळावीत. बांधावर किंवा उकिरड्यात टाकू नयेत. घोळ आणि कामोणी या तणांवरही सूत्रकृमी जगते, त्यामुळे नुसते पीक काढून भागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दोन-तीन वेळा खोल नांगरट करून माती तापू द्यावी. रोपवाटिकेच्या वाफ्यावर मात्र पाणी देऊन सुमारे २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद चार ते सहा आठवडे अंथरावा आणि कडा मातीने घट्ट दाबाव्यात. काळ्या मल्चिंग कागदाने माती तेवढी तापत नाही. गाठी असलेले रोप लावले, तर पुढचा सगळा खर्च वाया गेलाच म्हणून समजावे, म्हणून विकतच्या ट्रेमधील दोन-चार रोपांची मुळेही उघडून पाहावीत.

लागवडीपूर्वी एकरी ४०० ते ८०० किलो निंबोळी पेंड मातीत मिसळावी. पॅसिलोमायसिस किंवा ट्रायकोडर्मा या मित्रबुरशी टनभर कुजलेल्या शेणखतात २ किलो मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, सुमारे १५ दिवसांनी सरीत द्याव्यात. कोरड्या, तापलेल्या जमिनीत त्या टिकत नाहीत.

झेंडूबाबत गैरसमज बराच आहे. बांधावरच्या एका ओळीचा फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा म्हणून उपयोग होतो, पण सूत्रकृमी कमी करायची असेल तर सबंध क्षेत्रावर दाट झेंडू दोन-तीन महिने ठेवावा लागतो. बाजार नसेल तर तागाचे हिरवळीचे खतही फेरपालटाला चांगले. ‘हिसार ललित’ हा टोमॅटोचा वाण प्रतिकारक आहे, मात्र टोमॅटोतील प्रतिकारशक्ती जमिनीचे तापमान २८ अंशांच्या वर गेल्यावर कमकुवत होते, त्यामुळे उन्हाळी लागवडीत केवळ वाणावर विसंबू नये.

फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर देशात बंदी आहे, त्यामुळे कुठे उरलेसुरले पोते निघाले तरी वापरू नये. फ्लुओपायरम किंवा फ्लुएनसल्फोन यांसारखी औषधे घेताना लेबलवर आपल्या पिकाचे नाव, मात्रा आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटच्या वापरानंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस) तपासावा; फ्लुएनसल्फोन लागवडीपूर्वीच मातीत मिसळायचे असते.