छर्‍यांचा हिशेब आधी, बंदुकीचा नंतर

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका कापडदुकानात मी २२ वर्षं वह्या लिहिल्या. साडीच्या चिठ्ठीवर विक्रीचा भाव आकड्यांत असायचा आणि खरेदीचा भाव आमच्या ठरलेल्या अक्षरांत. ती अक्षरं लावून लावून माझी एक खोड झाली. कुठल्याही दुकानात गेले की माल नंतर दिसतो, आधी चिठ्ठी दिसते.

भावाची पोरगी कॉलेजात एनसीसीत गेली, पॉइंट टू-टू रायफलवर चार गोळ्या मारून आली आणि एअर रायफल शिकायचंच म्हणून हटून बसली. भाऊ खानापूरला शेती बघतो. तो म्हणाला, "अक्का, दुकानदाराशी बोलायचं काम तुझं." तीन वर्षं झाली. आता गल्लीतले, निपाणीचे, चिकोडीचे पालक मला विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

घ्यायचं काय, ते आधी पक्कं करा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून "तसली बंदूक केवढ्याला पडते ओ?" हा प्रश्न ठरलेला. तसली नकोच. ती ५० मीटरची, काडतुसांची. तिला शस्त्रपरवाना लागतो. पोरं सुरुवात करतात ती १० मीटरच्या एअर रायफलवर. तिच्या नळीचं माप ४.५ मिमी, दुकानाच्या भाषेत पॉइंट वन सेव्हन सेव्हन. या मापाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या जोराच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन वहीत नोंद करतो, तेवढी करू द्या. "पॉइंट टू-टूची एअरगन घ्या, जोर जास्त आहे," असं कुणी म्हणालं तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा. ते माप परवान्यात अडकतं आणि १० मीटरच्या स्पर्धेत चालतही नाही. (भावाच्या शेजाऱ्यानं माकडं हाकलायला रायफल मागितली होती. खानापूरच्या जंगलाला लागून राहून असले उद्योग करू नयेत, वन्यजीव कायदा आहे. आणि नेमबाजीची रायफल ही शेतावर न्यायची वस्तूच नव्हे.)

पहिलं वर्ष नेमबाजी क्लबच्या रायफलवर काढा. पोरीचं मन टिकतं का ते कळतं, आणि खांदा-हात कुठल्या मापाला बसतो तेही.

आता भाव. साडीवर आमचा नफा पातळ असायचा, कारण गिऱ्हाईक चार दुकानं फिरून साडीचाच भाव विचारून आलेलं असतं. फॉल, अस्तर, परकर यांचा भाव कुणी विचारत नाही. आम्ही तिथं भरून काढायचो. बंदुकीच्या दुकानातली साडी म्हणजे रायफल. तिची किंमत पालक मोबाइलवर बघूनच येतात. मग भरपाई हातमोजा, स्टँड, पेटी, डोळ्यावरची पट्टी, नळी साफ करायच्या फेल्टच्या गोळ्या यांत होते.

आम्हाला एका मोठ्या शहरातल्या दुकानात "पूर्ण सेट" असा एकच आकडा सांगितला. मी म्हटलं, प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत लिहून द्या. मालकानं जरा कुरकुर केली, पण लिहिलं. रायफल कोल्हापूरच्या भावापेक्षा थोडी स्वस्तच होती, आणि खालच्या सात ओळींनी तो फरक गिळून वर ढेकर दिली होती. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही, एवढाच नियम. ती मी कुंदा मिठाईच्या डब्याच्या पांढऱ्या झाकणातून कात्रीनं कापली. अजून तीच वापरते पोरगी.

आयात मालावर टक्क्यावर टक्का कसा चढतो तेही बघा. समजा वाहतूक, सीमाशुल्क सगळं धरून एक वस्तू आयातदाराला १,००० रुपयांना पडली. त्यानं २५ टक्के चढवले की १,२५०. त्यावर दुकानदारानं ३० चढवले की १,६२५. पंचवीस आणि तीस मिळून पंचावन्न असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात साडेबासष्ट झाले. मग तो "तुमच्यासाठी १० टक्के सोडतो" म्हणतो तेव्हा १६२ रुपये सुटतात आणि आपण खूश. यात चोरी नाही. माल अडकून पडतो, भाडं आहे, नोकर आहेत. मी त्याच बाजूला बसून पगार घेतलाय. पण घासाघीस करायला जागा कुठं आहे, हे माहीत असावं.

खरा पैसा जातो तो छर्‍यांत. कागद घ्या आणि मांडा. स्पर्धेत ६० नेम, वर सरावाचे. दिवसाला ८० धरा. महिन्याला २५ दिवस म्हणजे वर्षाला ३००. छर्रे झाले २४,०००. एका डबीत ५०० असतात, म्हणजे ४८ डब्या. एका डबीमागं १०० रुपये जास्त दिले तर वर्षाचे ४,८०० गेले, तेही दरवर्षी. रायफलवर पाचशे कमी करून घ्यायला तासभर वाद घालणारे लोक छर्रे मात्र समोर येईल त्या भावात उचलतात.

म्हणून डबी उलटी करून वाचा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, माल बनल्याचा महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली हवी. त्या किमतीवर जीएसटी वेगळा लावतो म्हणणाऱ्याला डबीच दाखवा. तरी ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. छापील किमतीवर जास्त किमतीची दुसरी चिठ्ठी चिकटवली असेल तर ती डबी घेऊ नका. आणि महिना-वर्ष जुनं असेल तर तिथंच भाव पाडून मागा. युरो वाढला की दुकानदार जुन्या मालालाही नवा भाव लावतो. आम्ही तरी वेगळं काय करायचो? शहापूरच्या मागावरून सूत महागल्याची बातमी आली की कपाटातल्या जुन्या साड्यांच्या चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी बदलायच्या.

छर्रे चपट्या तोंडाचेच घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. आधी तीन-चार वेगवेगळ्या बॅचची एकेक डबी घेऊन रायफल टेकवून मारून बघा. ज्या बॅचचे छर्रे एका जागी पडतात त्याच बॅच नंबरच्या डब्या वर्षभराच्या उचला. एकटीनं ४८ डब्या घेण्यापेक्षा पाच पालक मिळून मागवा. शिसं जड असतं, पार्सलचा खर्चही वाटला जातो. नेम धरून रिकामा घोडा दाबायचा सराव रोज करायला लावा, त्याला छर्रा लागतच नाही.

नेमबाजीची जॅकेट-पँट मापानं शिवून घ्यायची घाई वाढत्या वयात नको. एका वर्षात पोरगी उंच झाली आणि ताठ कॅनव्हासचा जॅकेट दुमड सोडून मोठा करता येत नाही. आम्ही क्लबातल्या थोरल्या मुलीचा वापरलेला घेतला.

वापरलेली रायफल घेताना लाकूड, रंग बघत बसू नका. हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. त्याचं आयुष्य जास्तीत जास्त १० वर्षं, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नऊ वर्षांचं सिलिंडर असेल तर नव्याचा भाव विचारून तेवढे पैसे किमतीतून वजा करा. मग हवा भरून रात्रभर ठेवा, सकाळी हवेच्या दाबाचा काटा खाली आला असेल तर आतली रबरं गेलीत.

कोल्हापूरला स्वस्त मिळतं हा आपल्याकडचा जुना समज. १ जुलै २०१७ पासून जीएसटीचा दर दोन्ही राज्यांत सारखाच आहे. तिकडं नेमबाज जास्त, म्हणून माल जास्त आणि वापरलेलाही मिळतो, तेवढ्यासाठी जा. दोन डब्यांसाठी ११० किलोमीटर जाऊ नका.

आणि येताना पक्कं बिल. त्यावर रायफलचा नंबर, सिलिंडरची तारीख, छर्‍यांचा बॅच नंबर हातानं लिहून घ्या, शिक्का मारून घ्या. एक झेरॉक्स बंदुकीच्या पेटीत कायम ठेवा. राज्याच्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर बस थांबली तर ती लांब पेटी बघून पोलीस विचारणारच.