सोलापूरहून थंडीतले फुटबॉल सामने खेळायला जाताना: नवख्या खेळाडूंसाठी आणि संघ व्यवस्थापकांसाठी

उष्ण हवेत घडलेलं शरीर लवकर घाम काढतं आणि भरपूर काढतं. सोलापूरच्या मे महिन्यात हाच गुण खेळाडूला वाचवतो. जानेवारीत दिल्ली-चंडीगडच्या सहा-सात अंशांत किंवा श्रीनगरच्या शून्याच्या आसपास तोच घाम कपड्यांत मुरतो, आणि खेळ थांबला की काही मिनिटांत अंग गार पडतं. पळणाऱ्या खेळाडूला थंडी फारशी बाधत नाही. ओला होऊन उभा राहिलेल्याला बाधते. म्हणून सगळी तयारी अंग कोरडं ठेवण्याभोवती आणि हालचाल चालू ठेवण्याभोवती करायची.

दोन दिवस आधी पोहोचलं की सवय होईल, या भरवशावर राहू नका. उन्हाची सवय दहा ते चौदा दिवसांत होते आणि शरीरात तसे बदल मोजता येतात. थंडीची तशी सवय एवढ्या दिवसांत होत नाही. फार तर तिची धास्ती कमी होते. तरी लवकर जावं, पण ते मैदान पाहायला आणि प्रवासाचा शीण काढायला. धुक्यात दिल्लीकडच्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात, तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशी पोहोचणारं आरक्षण करू नका.

मोठ्या संघांनाही हे जड जातं. २ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेने होंडुरासविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये ठेवला. पारा उणे १६ अंशांच्या आसपास होता. गोलकीपर लुईस लोपेझसह होंडुरासचे काही खेळाडू थंडीमुळे दुसऱ्या अर्धात उतरूच शकले नाहीत. अमेरिकेने सामना ३-० असा जिंकला. आधीच्या नोव्हेंबरात कॅनडाने मेक्सिकोला एडमंटनच्या उणे ९ अंशांत खेळवून २-१ असं हरवलं होतं. आपल्या संघांवर उणे १६ ची वेळ बहुधा येणार नाही, पण त्रास कुणाला आधी होतो ते यातून कळतं: गोलकीपर, आणि ज्याच्याकडे चेंडू कमी येतो तो पुढचा खेळाडू.

आता कपडे. जर्सीच्या आत सुती बनियन घालू देऊ नका. ते घाम पितं आणि ओलंच राहतं. पॉलिस्टरचा अंगाला चिकटणारा पूर्ण बाह्यांचा इनर घ्या, आणि प्रत्येकाला तीन. दुसरा वॉर्म-अपनंतर, तिसरा हाफटाइमसाठी. पायांना टाइट्स. रंगाकडे लक्ष द्या, कारण फुटबॉलचा नियम चौथा सांगतो की इनरचा रंग जर्सीच्या बाहीच्या मुख्य रंगाचा हवा आणि टाइट्स शॉर्ट्सच्या मुख्य रंगाच्या किंवा तिच्या खालच्या काठाच्या रंगाच्या, सगळ्या संघाच्या सारख्या. ज्याला जे मिळेल ते काळं-पांढरं आणलं तर पंच मैदानाबाहेर काढून बदलायला लावतात. हातमोजे चालतात, तळव्यावर रबरी ठिपके असलेले घ्या, नाहीतर थ्रो-इनला चेंडू निसटतो. गळ्याभोवतीचे स्नूड २०११ पासून सामन्यात चालत नाहीत. मोजे एकावर एक दोन घालून बूट आवळला तर रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. एकच जोडी, पण कोरडी.

अठरा जणांच्या संघाला चोपन्न इनर, अठरा टाइट्स, वीस जोड्या हातमोजे, प्रत्येकी तीन जोड्या मोजे आणि दोन-दोन लिटरचे चार थर्मास एवढं पुरतं. सुतीला मैदानात मज्जाव असला तरी मैदानाबाहेर आपल्या सोलापुरी मालासारखं दुसरं काही नाही. टेरी टॉवेल हाफटाइमला अंग पुसायला प्रत्येकी एक, आणि बेंचसाठी दहा-बारा चादरी. चादर दुहेरी घडी करून आधी बसायच्या जागेवर घाला, मग दुसरी गुडघ्यांवर. लोखंडी किंवा सिमेंटच्या बाकातून जाणारी ऊब वाऱ्याइतकीच महाग पडते. पायाखाली थर्माकोलची शीट किंवा जाड पुठ्ठा टाका.

वॉर्म-अपचं वेळापत्रक घट्ट पाळा. सामन्याच्या चाळीस मिनिटं आधी खोलीतच आठ-दहा मिनिटं हालचाली, मग ट्रॅकसूटसह बाहेर वीस मिनिटं. संथ पळणं, पायांचे झोके, पासिंग, शेवटी वाढत्या वेगाच्या पाच-सहा धावा. एका जागी उभं राहून लांबलचक ताणत बसू नका. थंड स्नायू हळू आकुंचन पावतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत मांडीमागचा स्नायू जातो तो बहुतेक अपुऱ्या वॉर्म-अपमुळे. संपल्यावर आत येऊन घामाचा इनर बदलायचा, जॅकेट घालायचं आणि रांगेत उभं राहीपर्यंत ते काढायचं नाही. नवे संघ इथे हमखास चुकतात: वॉर्म-अप उत्तम होतो, मग पाहुण्यांची ओळख आणि भाषणं चालतात, आणि पंधरा मिनिटं संघ पातळ जर्सीत उभा राहतो. कार्यक्रम लांबणार असेल तर व्यवस्थापकाने आधीच विचारून ठेवावं.

हाफटाइमला पंधरा मिनिटं मिळतात. पहिल्या दोन मिनिटांत टॉवेल, कोरडा इनर, जॅकेट. मग कोमट पाणी किंवा साखर-मीठ घातलेलं कोमट सरबत, दीडशे-दोनशे मिलिलिटर. थंडीत तहान लागत नाही आणि लघवी जास्त होते, म्हणून पाणी मागायची वाट पाहू नका. प्रशिक्षकाचं बोलणं पाच-सहा मिनिटांत आटपावं. शेवटची चार मिनिटं सगळ्यांनी उड्या आणि जागच्या जागी धावा करायच्या, कारण बसून राहिलं तर स्नायूंचं तापमान झरझर उतरतं.

राखीव खेळाडूंना दर दहा मिनिटांनी उठवा. कुणाला उतरवायचं असेल तर किमान पाच मिनिटं आधी सांगा. गोलकीपरला पुढच्यांनी मुद्दाम मागे पास द्यावेत, तेवढीच हालचाल. त्याचे लेटेक्सचे हातमोजे गारठून कडक होतात आणि पकड जाते. सामन्याआधी ते जॅकेटच्या आत ठेवा आणि उतरताना कोमट पाण्याने ओलसर करा.

चेंडूची हवा मैदानावरच तपासा. पंचवीस अंशांच्या खोलीत १२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला चेंडू शून्य अंशात गेला की सुमारे १० पीएसआयवर येतो. चेंडू तासभर बाहेर ठेवून मगच पंप लावायचा. तरीही तो कमी उसळतो आणि हेडरला लागतो. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत लांब किक अपेक्षेपेक्षा पुढे जाते, तेव्हा आदल्या दिवशी बचावफळीकडून लांब पास मारून घ्या. गोठलेल्या जमिनीत लांब धातूचे स्टड रुततच नाहीत आणि पाय घसरतो. तिथे आणि कृत्रिम गवतावर आखूड, जास्त स्टडचे बूट. धातूचे सहा स्टड फक्त ओल्या चिखलासाठी.

वाऱ्याचा हिशेब वेगळा धरा. पाच अंश तापमान आणि ताशी तीस किलोमीटर वारा म्हणजे अंगाला शून्य अंश. व्हॅसलिनने ओठ-गाल फुटत नाहीत, पण ऊब मिळत नाही. झणझणीत मलमाने कातडीच तापते, स्नायू नाही. दम्याचा त्रास असणाऱ्याने जाण्याआधी डॉक्टरांना भेटून इनहेलरची वेळ ठरवून घ्यावी, कारण थंड कोरड्या हवेत छाती आवळते.

खाण्यात कसूर नको. कुडकुडण्यातही शरीर साठा जाळतं. शेंगाची पोळी, तिळगूळ, कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे सगळं प्रवासात टिकतं.

कुणी अनावर कुडकुडत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, बुटाची नाडी बांधता येत नसेल, तर त्याला लगेच बाहेर काढा. ओले कपडे उतरवा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड कोमट पेय द्या, डॉक्टरांना बोलवा. कुडकुडणं थांबलं पण गुंगी वाढली, तर थेट रुग्णालय. बोटं पांढरी-बधिर झाली तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका. अंगाच्या उबेइतक्या पाण्यात ठेवा.

आणि मुक्कामाच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून कुणीही झोपायचं नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. व्यवस्थापकाने रोज रात्री प्रत्येक खोलीत स्वतः जाऊन हे पाहायचं.