४०० वॅटसाठी अँटेना ट्यूनर कसा बांधावा

जनरल श्रेणीच्या परवान्यावर भारतातील हॅमला (हौशी रेडिओचालकाला) लघुलहरींवर ४०० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते, आणि एवढ्या शक्तीपुढे जुन्या रेडिओतला गँग कपॅसिटर (स्टेशन लावण्याचा बदलता कपॅसिटर) टिकत नाही. अँटेना ट्यूनर म्हणजे अँटेनाचा रोध ट्रान्समीटरच्या ५० ओहमशी जुळवणारे साधन. त्याचे सर्किट कमी शक्तीच्या लहान ट्यूनरचेच असते. बदलते ते कपॅसिटरच्या पत्र्यांमधील अंतर आणि कॉइलच्या तारेची जाडी. ५० ओहमला ४०० वॅट देताना व्होल्टेज सुमारे १४१ असते, पण अँटेनाकडून २००० ओहम समोर आले तर ते ८९४ वर जाते आणि त्याचे शिखर १२६० च्या पुढे असते. उलट ५ ओहमला जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह वाहतो. दोन्ही टोके सोसतील असेच भाग निवडावेत.

८० ते १० मीटर पट्ट्यांसाठी टी जोडणी सोयीची आहे. ट्रान्समीटर आणि अँटेना यांच्यामध्ये २५० पिकोफॅरडचे दोन बदलते कपॅसिटर एकापाठोपाठ जोडावेत आणि त्यांच्या मधल्या सांध्यापासून अर्थपर्यंत (जमिनीच्या जोडणीपर्यंत) कॉइल घ्यावी.

प्रथम कपॅसिटर. तयार मिळाला नाही, तर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे ५० मिलिमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळाकार तुकडे कापावेत. समोरासमोरच्या पत्र्यांत २.५ मिलिमीटर अंतर ठेवल्यास स्थिर व फिरते मिळून सुमारे २० पत्रे लागतात. कडा कानसून गुळगुळीत कराव्यात, कारण ठिणगी टोकदार जागीच आधी उडते.

कॉइलसाठी ३ मिलिमीटर जाडीची तांब्याची उघडी तार ७५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपवर २७ वेढे गुंडाळून पाइप काढून घ्यावा. दोन वेढ्यांच्या मध्यांमध्ये ५ मिलिमीटर अंतर राहील अशी ती फायबरग्लासच्या पट्ट्यांवर बसवली की सुमारे २५ मायक्रोहेन्री मिळतात. टॅप (ठरावीक वेढ्यांवरून काढलेल्या जोडण्या) सिरॅमिक स्विचवर आणावेत आणि न वापरलेले वेढे अर्थच्या बाजूने शॉर्ट करावेत. नाहीतर मोकळ्या टोकाला घातक व्होल्टेज चढते.

आता जोडणी, आणि इथेच सर्वाधिक काळजी हवी. या सर्किटमध्ये कपॅसिटरचे स्थिर पत्रे आणि दांडा, दोन्ही अर्थपासून वेगळे असतात. म्हणून संपूर्ण कपॅसिटर सिरॅमिक किंवा टेफ्लॉनच्या आधारांवर, धातूच्या पेटीपासून किमान २५ मिलिमीटर दूर बसवावा. दांडा व नॉब यांच्यामध्ये इन्सुलेटेड कपलिंग अनिवार्य आहे. ते टाळणाऱ्याच्या बोटांना रेडिओलहरींचा भाजका चटका बसतो. कॉइलचे अर्थचे टोक जाड, आखूड पट्टीने पेटीला जोडावे.

ट्यूनिंग करताना दोन्ही कपॅसिटर पूर्ण मिटवून (फिरते पत्रे स्थिर पत्र्यांत पूर्ण घालून) कमीत कमी वेढ्यांपासून सुरुवात करावी आणि १० वॅटवरच एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली आहे याचे माप) किमान करावा. एकाच अँटेनासाठी अनेक स्थिती जुळतात. त्यांतली सर्वांत जास्त कपॅसिटन्सची आणि सर्वांत कमी वेढ्यांची स्थिती घ्यावी, कारण तिथे नुकसान आणि व्होल्टेज दोन्ही कमी राहतात. शक्ती चालू असताना कॉइलचा स्विच कधीही फिरवू नये. पूर्ण शक्तीवर काही मिनिटे बोलल्यानंतर ट्रान्समीटर बंद करून पेटी उघडावी आणि कॉइल तपासावी. ती फार तापलेली आढळली, तर एक टॅप कमी करून पुन्हा जुळवून पाहावे.