स्टिअरिंगवरचा गिअर खाली घेताना: न्यूट्रल आधी, पत्रा नंतर

नाशिकहून क्रेट भरून कसारा उतरणाऱ्या जुन्या पिकअपचा स्टिअरिंगवरचा तीन गिअरचा दांडा काढून खाली फ्लोअरवर नवा शिफ्टर (गिअर टाकायचा दांडा आणि त्याचा सांगाडा) बसवला, की गिअर अडकतो नाहीतर मध्येच सुटतो. दोष बहुतेकदा नव्या शिफ्टरचा नसतो, शिफ्टर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांच्या मापाचा असतो.

१. गिअरबॉक्सच्या बाजूला दोन लिव्हर असतात: एक पहिला-रिव्हर्सचा, एक दुसरा-तिसऱ्याचा. जुन्या सळ्या सोडा आणि दोन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलला आणा.

२. शिफ्टरचा ब्रॅकेट गिअरबॉक्सच्या शेपटीवरच (मागच्या टोकावर) बसवा, केबिनच्या तळाच्या पत्र्यावर नाही. इंजिन आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स माउंटिंगवर हलतात, पत्रा हलत नाही. त्या ओढाताणीत गिअर सुटतो.

३. शिफ्टरच्या पट्ट्यांना न्यूट्रलचं आरपार भोक असतं. त्यात बसेल त्या मापाचा ड्रिल बिट (बऱ्याचदा पाव इंची) घाला. आता सळीचं टोक फिरवत लांबी जुळवा. सळीची पिन गिअरबॉक्सच्या लिव्हरच्या भोकात आपसूक सरकली पाहिजे. ढकलावी लागली तर अर्धा आटा अजून फिरवा. इथे घाई केली की पुन्हा गाडीखाली झोपावं लागतं. मग चेकनट (सळीचं माप पक्कं धरणारा नट) आवळा, स्प्लिट पिन घाला, बिट आठवणीने काढा.

४. सगळे गिअर टाकून बघा. पहिला आणि तिसरा टाकताना दांडा मागे येतो, सीटला लागत असेल तर वाकवून घ्या.

पत्रा कापण्याआधी खालून डिझेलचा आणि ब्रेकचा पाइप कुठून जातो ते बघा. भोकावर रबरी बूट हवाच, नाहीतर पावसाळ्यात चिखल थेट पायाशी.