फवारणी पंपाचा चार्जर: दोष ट्रान्सफॉर्मरचा नव्हताच

कपाशीची फवारणी ऐन रंगात अन् पंपाचा चार्जर मेला. पुसदकडच्या आमच्या खेड्यात दुसरा कुठून मिळणार? जुन्या फेराइट कोअरवर (चुंबकी गाभ्यावर) चार्जरचा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आधी गाभ्यात ऊर्जा साठवून मग आउटपुटला सोडणारा, घरीच वळला. बिनलोड १४ व्होल्ट बरोबर. बॅटरी जोडली की व्होल्टेज खाली, अन् आउटपुटचा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) चटका देई. “भाऊ, वाइंडिंगच उलटं हाय,” शेजाऱ्याचं निदान. वाइंडिंगची दिशा तपासली, कोअरच्या मधल्या पायातला एअर गॅपही (मुद्दाम ठेवलेली फट) पाहिला, दोन्ही ठीक.

डायोड होता १एन४००७. तो घरच्या विजेच्या ५० हर्ट्झच्या कामाचा. चार्जरच्या ६० किलोहर्ट्झला (सेकंदाला साठ हजार वेळा चालू-बंद) वेळेत बंदच होत नाही, उलटा करंट वाहून तापतो. १०० व्होल्टचा शॉटकी (झटकन बंद होणारा डायोड) अन् कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर टाकला, चार्जर थंड चालू लागला.

प्राथमिक (घरच्या विजेकडच्या) बाजूचा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्ट धरून बसतो. प्लग काढल्यावरही रेझिस्टरनं तो रिकामा केल्याशिवाय बोट लावू नका.